बंद खोलीतला माल कुणाचा? जुन्या वस्तूंच्या धंद्याचं गणित आणि कायदा

रोजच्या व्यवहारामागचं अर्थकारण आपण या व्याख्यानांत समजून घेतो आहोत. आजचा विषय आहे जुन्या वस्तू घेऊन नफ्याने विकण्याचा धंदा. धायरीत हा विषय घ्यायला कारण आहे. धायरी फाट्यापासून गारमाळ, बेनकर वस्ती, पुढे नऱ्ह्याच्या बाजूपर्यंत भाड्याच्या खोल्या भरपूर. जवळच वडगाव, नऱ्हे, आंबेगावची कॉलेजं, आणि नऱ्हे-धायरीतली लहान वर्कशॉप. माणसं सतत येतात आणि जातात. जाणारा काहीतरी मागे ठेवतो: गादी, कूलर, फ्रीज, सायकल, अभ्यासाचं टेबल. येणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं, फक्त स्वस्तात. या दोघांच्या मध्ये जो उभा राहतो, त्याचा हा धंदा.

आज आपल्याला दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची आहेत. या धंद्यात नफा नेमका कुठे होतो? आणि आपण पैसे मोजले म्हणजे वस्तू आपली झाली का? दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि तोच महागात पडतो.

अमेरिकेतली बंद खोली

तुमच्यापैकी अनेकांनी ‘स्टोरेज वॉर्स’ हा अमेरिकन कार्यक्रम पाहिला असेल. २०१० साली तो सुरू झाला. तिकडे लोक घरात न मावणारं सामान भाड्याच्या गोदामात, छोट्या खोलीत ठेवतात. भाडं थकलं की गोदामवाला नोटीस देतो, ठराविक मुदत थांबतो आणि मग खोलीतल्या मालाचा लिलाव करतो. कुलूप तोडतात, शटर वर जातं, बोली लावणाऱ्यांनी दारातूनच बघायचं. आत पाऊल टाकायचं नाही, खोकं उघडायचं नाही. मग बोली.

टीव्हीवर लक्षात राहतं ते कुणाच्या तरी खोक्यात सापडलेलं घबाड. पण त्या लिलावाच्या पाठीशी काय आहे, ते बघा. तिथल्या राज्यांनी यासाठी खास कायदे केलेले आहेत. थकलेल्या भाड्यापोटी मालावर गोदामवाल्याचा हक्क कसा येतो, नोटीस कशी द्यायची, लिलाव कसा करायचा, हे सगळं त्यात आहे. म्हणून बोली जिंकणारा माल निर्धास्त उचलतो.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १७१ मध्ये जुन्या येण्यापोटी ग्राहकाचा माल अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क मोजक्याच लोकांना दिला आहे: बँक, अडत्या, बंदरावरचा धक्केवाला, उच्च न्यायालयाचा वकील, विम्याचा दलाल. बाकीच्यांना तो हवा असेल तर तसा स्पष्ट करार लागतो. आणि इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. अडवून ठेवण्याचा हक्क म्हणजे विकण्याचा हक्क नव्हे. त्यामुळे पुण्यात कुणी “आमच्या गोदामातला थकलेला माल घ्या” म्हणाला, तर पहिला प्रश्न मालाच्या भावाचा नसतो. विकण्याचा अधिकार करारात लिहिलाय का, मालकाला नोटीस पोचली का, हे आधी विचारायचं.

धायरीतली बंद खोली

आपल्या भागात हाच प्रसंग वेगळ्या रूपात येतो. भाडेकरू तीन-चार महिन्यांचं भाडं थकवून निघून जातो. फोन बंद. खोलीला त्याचंच कुलूप. आत गादी, गॅसची शेगडी, मिक्सर, टीव्ही. घरमालक वैतागलेला. तो जुन्या सामानवाल्याला बोलावतो आणि म्हणतो, “सगळं मिळून पाच हजार द्या आणि खोली मोकळी करा.”

सौदा स्वस्त वाटतो. पण ते सामान घरमालकाचं नाही. भाडं थकलं म्हणून भाडेकरूच्या वस्तू आपोआप घरमालकाच्या होत नाहीत. भाड्याच्या वसुलीसाठी त्याला अनामत रकमेतून वळतं करता येतं, दावा लावता येतो, पण सामान परस्पर विकून टाकता येत नाही. उद्या तो मुलगा परत आला आणि तक्रार केली, तर उत्तर घरमालकालाही द्यावं लागतं आणि माल उचलणाऱ्यालाही. आणि मुलाच्या बाजूनेही बघा. त्या खोलीत त्याची दहावी-बारावीची गुणपत्रकं असतात, आईने दिलेली एखादी वस्तू असते. आपल्या दृष्टीने ती रद्दी असेल. त्याच्या दृष्टीने ते पुढचं आयुष्य असतं.

मग घरमालकाने करायचं काय? करारावरच्या मूळ पत्त्यावर लेखी नोटीस पाठवायची. पोलिसांना कळवायचं. वकिलाचा सल्ला घेऊनच, पंचांसमोर खोली उघडायची, सामानाची यादी करायची, फोटो काढायचे. भाडेकरू फोनवर सापडला तर “सामान विकून भाड्यात वळतं करा” एवढं त्याच्याकडून लेखी घ्यायचं. मेसेज आला तरी काहीच नसण्यापेक्षा बरा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. त्यातच मागे राहिलेल्या सामानाचं काय करायचं, हे कलम घालून ठेवलं तर पुढचं भांडण टळू शकतं.

माल खरा येतो कुठून?

बंद खोलीचं आकर्षण बाजूला ठेवू. आपल्याकडे जुन्या मालाचे रस्ते पूर्वीपासून ठरलेले आहेत.

पहिला रस्ता दारातला. कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आठवते ना? ती साडी उलगडून बघते, काठ तपासते, चार कपड्यांना एक पातेलं की सहा, यावर घासाघीस करते. जरीची साडी असेल तर तिचा भाव वेगळा, कारण खऱ्या जरीतून चांदी निघते. ते कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा बाजारात जातात. आपल्याला वाटतं की पातेलं फुकट मिळालं. तिला ठाऊक असतं की आपल्या कपाटातल्या अडगळीला दुसऱ्या वस्तीत गिऱ्हाईक आहे.

दुसरा रस्ता भंगाराचा. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्यांना कष्टकरी म्हणून ओळख मिळाली. त्यांच्याकडून आणि फेरीवाल्यांकडून माल भंगार दुकानात येतो, तिथे त्याची निवड होते. जे चालू होऊ शकतं ते बाजूला निघतं, बाकीचं वजनावर जातं.

तिसरा रस्ता मंगळवार पेठेतला जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने, बेअरिंग, मोटारी, नळ, जुने कॅमेरे, नाणी, पितळी भांडी. आपल्याकडच्या वर्कशॉपवाल्यांना हा बाजार काही नवा नाही.

चौथा रस्ता अधिकृत लिलावाचा. सोनेतारण न सोडवलेले दागिने, बँकेने ओढून आणलेल्या गाड्या, पोलीस ठाण्यातली बेवारस वाहनं, सरकारी कार्यालयांचं जुनं सामान. केंद्र सरकारची एमएसटीसी ही १९६४ साली स्थापन झालेली कंपनी असे लिलाव ऑनलाइन घेते. आधी अनामत रक्कम भरायची, माल ‘जसा आहे तसा, जिथे आहे तिथे’ घ्यायचा, मुदतीत उचलायचा. उचलला नाही तर अनामत जाऊ शकते. कटकट आहे, पण एक मोठा फायदा आहे. विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार असतो आणि तसा कागद आपल्या हातात पडतो.

नफा घेतानाच होतो

आता हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरा. एक जुना फ्रीज ४,००० रुपयांना घेतला. टेम्पो आणि हमाली ९००. दुरुस्ती १,६००. महिना-दीड महिना जागा अडली, तिचे ५००. विकल्यावर गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, त्यासाठी बाजूला ५००. झाले ७,५००. विकला ८,५०० ला. नफा ४,५०० नाही, १,००० आहे. आता हाच फ्रीज घेताना ३,२०० ला मिळवला असता तर? नफा १,८००. घेताना ८०० रुपये कमी दिले आणि नफा जवळजवळ दुप्पट झाला. विकताना भाव बाजार ठरवतो. घेतानाचा भाव आपल्या हातात असतो, निदान उठून जाणं तरी आपल्या हातात असतं.

लिलावात मात्र उठून जाणं जड जातं. समजा एका लॉटची खरी किंमत २० हजार आहे, पण ती कुणालाच नक्की माहीत नाही. पाच जणांचे अंदाज आहेत १२, १६, २०, २४ आणि २८ हजार. सरासरी बघा, अगदी बरोबर २० येते. म्हणजे सगळे मिळून शहाणे आहेत! पण माल सरासरीला मिळत नाही. २४ वाला २४ ला थांबतो आणि २८ वाल्याला लॉट साडेचोवीसला पडतो. साडेचार हजारांचा तोटा, वर जिंकल्याचा आनंद. अर्थशास्त्रात याला ‘विनर्स कर्स’ म्हणतात, जिंकणाऱ्याला लागलेला शाप. १९७१ साली तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांबद्दल हे मांडलं. बंद खोलीच्या बोलीलाही ते लागू पडतं. म्हणून आपला आकडा आधी कागदावर लिहायचा, आणि अंदाज जितका अंधारातला तितका तो खाली ठेवायचा.

दुसरी अडचण जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन सांगितली, आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. गाडीची खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, मग चांगली गाडी असलेला बाजारात येतच नाही. हे कोडं सोडवणारा दुकानदार टिकतो. फ्रीज चालू करून दाखवणं, एक महिन्याची लेखी हमी देणं, खोट आधी सांगणं, यातून त्याला भाव मिळतो.

वस्तू आली, मालकी आली का?

मालविक्री कायदा १९३० चा. त्याच्या कलम २७ चं सार असं: विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, त्यापेक्षा जास्त हक्क घेणाऱ्याला साधारणपणे मिळत नाही. चोराकडे मालकी नसते, म्हणून त्याच्याकडून प्रामाणिकपणे घेतलं तरी वस्तू आपली होत नाही. पोलीस ती मुद्देमाल म्हणून नेतात, पैसे आपले बुडतात. आणि माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटण्याजोगं कारण असताना बेइमानीने घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बाजारभावाच्या चौथ्या हिश्श्यात, बिलाशिवाय, घाईघाईने मिळणारा लॅपटॉप हे तसं कारण ठरू शकतं.

मोबाइल घेताना तपासणी सोपी आहे. *#०६# दाबा, आयएमईआय क्रमांक दिसेल. तो ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर टाका, किंवा केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. क्रमांक ब्लॉक केलेला किंवा नक्कल आहे असं आलं, तर फोन परत द्या.

गाडी विकताना उलटी काळजी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. गाडी चार हातांतून गेली, पण आरसी बुकावर नाव जुन्याच मालकाचं, अशा प्रकरणात अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे.

आणि फार जुनी वस्तू? शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती, नाणं, कलावस्तू, किंवा महत्त्वाचं ७५ वर्षांपूर्वीचं हस्तलिखित, हे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. अशा वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

कराबद्दल थोडक्यात. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला जीएसटी पूर्ण विक्रीवर न भरता खरेदी-विक्रीच्या फरकावर भरण्याची सोय आहे. अट अशी, की खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसावी आणि वस्तूचं रूप बदललेलं नसावं. फक्त मालाचा आणि राज्यातल्या राज्यात धंदा असेल, तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सहसा लागत नाही. पण खरेदीची वही पहिल्या दिवसापासून हवी.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न (एक विद्यार्थी): सर, सुरुवातीला भांडवल किती लागेल?*

उत्तर: आकड्यापेक्षा आधी एकच वस्तू निवड. फक्त सायकली, किंवा फक्त अभ्यासाची टेबलं. पन्नास सायकली हाताखालून गेल्या की भाव डोळ्याला कळायला लागतो. एक सायकल घे, विक, त्याच पैशातून दुसरी घे. कर्ज काढून लॉट उचलू नकोस.

*प्रश्न (एक ताई): सासूबाईंची पितळी भांडी आहेत. दुकानदार किलोवर भाव सांगतो. बरोबर आहे का?*

उत्तर: ताई, तो मोडीचा भाव झाला. म्हणजे वितळवल्यावर जेवढं मिळेल तेवढं. तो तळाचा भाव समजा. भांडं अखंड असेल, घडण चांगली असेल, तर वस्तू म्हणून त्याचा भाव निराळा. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते बघून या. दिनकर केळकरांनी ते जमवले तेव्हा बऱ्याच घरांत ती अडगळच होती. तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय काटा लावू देऊ नका.

*प्रश्न (एक काका): विकणारा बिल हरवलं म्हणतो. मग घ्यायचंच नाही का?*

उत्तर: काका, जुन्या वस्तूचं बिल बहुतेकांकडे नसतंच. अशा वेळी विक्रीची साधी पावती करा. वस्तूचं वर्णन, सिरीयल नंबर, तारीख, किंमत, विकणाऱ्याची सही, ओळखपत्राची प्रत, आणि “ही वस्तू माझ्या मालकीची आहे” हे एक वाक्य. पैसे शक्यतो त्याच्याच खात्यावर पाठवा. खरा मालक सही करायला का-कू करत नाही. जो करतो, त्याला चहा पाजा आणि वस्तू त्याच्याकडेच राहू द्या.

वेळ झाली आहे, इथेच थांबू.