साबणाच्या वडीत कोकम

अनंत चतुर्दशीला गणपती गेले की दीड महिन्याने नरक चतुर्दशी येते. भाद्रपद शुद्ध चतुर्दशी ते आश्विन वद्य चतुर्दशी, म्हणजे सहा आठवडे आणि वर दोनेक दिवस. मध्ये अधिक मास पडला तरच हे अंतर वाढतं. घरी साबण करणाऱ्यांसाठी पंचांगातला हा सगळ्यात कामाचा हिशेब आहे. थंड पद्धतीने केलेली साबणाची वडी मुरायला चार ते सहा आठवडे घेते. पहिल्या आंघोळीला घरचा साबण हवा असेल, तर विसर्जनाची मिरवणूक पाहून आल्यावर एक-दोन दिवसांत तो करून टाकायचा. दसऱ्याला जाग आली तर उशीर झालेला असतो.

आधी एक गोष्ट सांगते. बाजारात साबणाचा तयार पांढरा किंवा पारदर्शक ठोकळा मिळतो. तो वितळवायचा, रंग-वास घालायचा आणि साच्यात ओतायचा. सुट्टीतल्या शिबिरांत मुलांना हेच शिकवतात. मुलांसाठी ते ठीक आहे, पण त्यात साबण आधीच झालेला असतो, आपण फक्त त्याला आकार देतो. मी ज्या छंदाबद्दल लिहिते आहे त्यात तेलाचा साबण आपल्या डोळ्यांसमोर होतो, आणि सारा आनंद त्या होण्यात आहे.

रसायन सोपं आहे. कुठल्याही तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, त्या साखळ्या सोडवतो. प्रत्येक साखळीला सोडियम मिळून साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं. याला साबणीकरण म्हणतात. नीट केलेल्या वडीत कॉस्टिक शिल्लक राहत नाही, तो सगळा तेलात खपतो. मोठ्या कारखान्यांत मिठाच्या पाण्याने ग्लिसरीन वेगळं काढतात, ते औषधांत, क्रीममध्ये आणि स्फोटकांतही जातं. घरच्या वडीत ते जागच्या जागी राहतं. तेलाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा ग्लिसरीन होतं, म्हणजे ही काही किरकोळ बाब नाही.

इतिहास थोडक्यात उरकते. भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्ह तेलाचे साबण शतकानुशतकं होत आले. अलेप्पो आणि नाब्लुस इथल्या साबणाच्या परंपरांची २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. १७९१ मध्ये लब्लाँ या फ्रेंच रसायनज्ञाने मिठापासून सोडा करायची रीत काढली आणि १८२३ मध्ये शेव्रल या दुसऱ्या फ्रेंच रसायनज्ञाने मेदांच्या रचनेवरचा आपला ग्रंथ छापला. १८८८ मध्ये सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. १९१८ मध्ये गोदरेजने प्राण्यांची चरबी न वापरता ‘चावी’ साबण आणला आणि त्याच सुमारास म्हैसूरचा चंदनाचा साबणही निघाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

मात्र आपल्याकडच्या एका जागेपाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर आपण उल्कापातामुळे ओळखतो. त्याचं पाणी खारं आणि चांगलंच अल्कधर्मी आहे, त्यात सोडियम कार्बोनेट आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाच्या चिखलावर पांढरा पापुद्रा धरतो. हे क्षार पूर्वी गोळा करून विकले जात आणि प्रतवारीप्रमाणे त्यांना डल्ला, खुप्पल, पापडी अशी नावं होती. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त लोणारचा उल्लेख आहे, आणि काच व साबण करायला लागणारा माल इथे मिळतो असं तिथे म्हटलं आहे. असा सोडा चुन्याच्या निवळीत मिसळला की कॉस्टिक तयार होतो, जुने साबणवाले हेच करत. लोणारच्या कड्यावर उभं राहून लोक आकाशातून पडलेल्या दगडाबद्दल बोलतात. मी तिथे गेले की मला त्या पांढऱ्या पापुद्र्यापलीकडे दुसरं काही दिसत नाही.

आता तेलं. हा माझा सगळ्यात आवडता भाग, तेव्हा इथे मी रेंगाळणार.

प्रत्येक तेलाचा साबण वेगळा होतो, कारण प्रत्येकातली मेदाम्लं वेगळी. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्यामुळे वडी कडक होते आणि फेस भरपूर, मोठ्या बुडबुड्यांचा येतो. खोबरेलाचा साबण समुद्राच्या पाण्यातही फेसाळतो, म्हणून जहाजांवर खलाश्यांसाठी असाच साबण नेत. पण त्याचा हात कडक आहे, त्वचेचं तेल तो खरवडून नेतो. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल जास्त. त्याचा साबण मऊपणे वागतो, पण फेस कमी आणि मुरायला दिरंगाई. एरंडेल सगळ्यांहून न्यारं. त्यातलं सुमारे नव्वद टक्के रिसिनोलिक आम्ल दुसऱ्या कुठल्याही घरगुती तेलात मिळत नाही. थोडंसं एरंडेल घातलं तरी फेस टिकून राहतो. शेंगदाण्याचं तेल स्वस्त आणि घराघरांत असलेलं, पण ते जास्त घातलं तर काही महिन्यांनी वडीवर नारिंगी ठिपके उठतात आणि खवट वास येतो. आपल्या दमट हवेत तर लवकरच.

आणि मग कोकम. परदेशी पुस्तकांत वडीला कडकपणा आणि मलईदार फेस यावा म्हणून शिआ बटर किंवा कोको बटर सांगितलेलं असतं. ॲन ब्रॅमसनचं १९७२चं पुस्तक असो की केव्हिन डन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचं ‘सायंटिफिक सोपमेकिंग’, ही पुस्तकं मी परत परत वाचते. पण त्यांच्यासाठी जो माल हाताशी आहे तो आपण आफ्रिकेतून कशाला मागवायचा? रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात दरवर्षी उन्हाळ्यात कोकमं पिकतात. आगळ आणि आमसुलं करून झाली की बियांचा ढीग उरतो. त्या बियांमध्ये पाव हिश्शाच्या आसपास मेद असतो आणि त्यातलं निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल. साबणाला कणखरपणा देणारं हेच आम्ल, आणि कोको बटरपेक्षाही ते यात जास्त आहे.

सावंतवाडीच्या बाजूला एका घरी मी हे तेल काढताना पाहिलं. बिया उन्हात खडखडीत वाळवलेल्या, साल काढून कुटलेल्या. मोठ्या टोपात पाण्याबरोबर तो कूट उकळत ठेवला होता. हळूहळू वर तेल तरंगायला लागलं. घरच्या काकी ते पळीने अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घेत होत्या. निवल्यावर त्याचा फिक्कट, मेणचट गोळा झाला. तो त्यांनी हाताने वळून अंड्याएवढे मुटके केले. मी साबणासाठी नेणार म्हटल्यावर त्या थांबल्या. “हेचो साबण? आमी भेगांक लावतव,” असं म्हणून त्यांनी टाचा दाखवल्या. तिथे जवळजवळ प्रत्येक घरात फडताळात असा एक मुटका असतो, थंडीत तो तव्यावर जरा गरम करून टाचांना चोळतात. गोव्यात याला भिरंडेल म्हणतात. २०१८ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा बोलबाला फळाचा झाला. बीकडे अजून फारसं कोणी पाहत नाही, आणि मला हे मनापासून लागतं.

साबणात कोकम घालताना एक पथ्य पाळायचं. हे तेल चाळीस अंशांच्या खाली आलं की गोठू लागतं. मिश्रण थंड असेल तर ते दाटतं आणि आपल्याला वाटतं साबण जमला. प्रत्यक्षात नुसतं कोकम थिजलेलं असतं, कॉस्टिक अजून मोकळाच. म्हणून तेलं आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४५ अंशांच्या आसपास ठेवावं. प्रमाण दहा ते पंधरा टक्के पुरे. त्याहून जास्त घातलं की वडी ठिसूळ होते आणि कापताना कडा तुटतात.

माझं ठरलेलं माप असं. एकूण तेल ५०० ग्रॅम: खोबरेल १७५, ऑलिव्ह २००, कोकम ७५, एरंडेल ५०. प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक लागतो याचे आकडे ठरलेले आहेत. एका ग्रॅमला खोबरेल सुमारे ०.१८३ ग्रॅम घेतं, ऑलिव्ह ०.१३४, कोकम ०.१३५, एरंडेल ०.१२८. गुणून बेरीज केली की ७५ ग्रॅमच्या थोडं वर येते. त्यातून पाच-सहा टक्के वजा करायचे, म्हणजे तेवढं तेल साबण न होता वडीत राहतं आणि कातडी कोरडी पडत नाही. म्हणून कॉस्टिक ७१ ग्रॅम, पाणी १४५ ग्रॅम. सगळं वजनावर, ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही. एखादं तेल बदललं तर हिशेब पहिल्यापासून.

काळजीच्या गोष्टी ठासून सांगते. दुकानात ‘कॉस्टिक सोडा’ म्हणूनच मागा. धुण्याचा सोडा किंवा खायचा सोडा ही वेगळी द्रव्यं आहेत. पुडीवर शुद्धता लिहिलेली हवी. नाल्या मोकळ्या करायची भुकटी घेऊ नका, तिच्यात भलतंसलतं मिसळलेलं असतं. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला कॉस्टिक खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, लांब बाह्या, उघडी खिडकी. मुलं आणि मांजर दाराबाहेर. कातडीवर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं. व्हिनेगर लावायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नका, पाणीच बरं. डोळ्यात गेला तर धुता धुताच डॉक्टरकडे निघायची व्यवस्था करायची.

कृती खरं तर अर्ध्या तासाची. कॉस्टिकचं पाणी ऐंशी अंशांच्या वर तापतं, ते निवू द्यायचं. वितळवलेल्या तेलात बारीक धारेने ओतायचं आणि हँड ब्लेंडर थांबवत थांबवत फिरवायचा. रवीनेही होतं, पण हात भरून येतात. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं दाटलं आणि वरून सोडलेल्या धारेची रेघ पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहिली की थांबायचं. साबणवाले याला ट्रेस म्हणतात. बटर पेपर लावलेल्या लाकडी साच्यात ओतून वर जुना टॉवेल टाकायचा. आत रसायन चालू असतं, साचा हाताला गरम लागतो, आणि मधला भाग काही तास अर्धपारदर्शक होऊन पुन्हा पांढरा पडतो. दुसऱ्या दिवशी मोजे घालून वड्या पाडायच्या.

आता दिवाळीचा साबण. त्यात उटण्याचं साहित्य घालावंसं वाटणारच. नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल बारीक वस्त्रगाळ करून पाचशे ग्रॅम तेलाला दोन चमचे पुरतात. गुलाबपाकळ्या घालू नयेत, त्या कॉस्टिकमध्ये तपकिरी होतात. हळद मात्र जरूर घाला, चिमूटभरच. कॉस्टिक लागताच ती लालभडक होते. आपलं कुंकू असंच झालं आहे: हळदीला चुन्यासारखा क्षार भेटला की पिवळ्याचं लाल होतं. सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव कुंकवासाठी ओळखलं जातं. तिथला व्यवसाय आणि माझ्या पातेल्यातला हा क्षण एकाच रसायनाचे आहेत, हे कळलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती. साबण मुरत जातो तसा क्षार कमी होतो आणि लाली ओसरून वडी पिकलेल्या रंगावर येते.

मुरवण्याला सबुरी हवी. पहिल्या एक-दोन दिवसांत बहुतेक कॉस्टिक खपतो, पण वडीत पाणी खूप असतं. जाळीच्या फळीवर, वड्यांत बोटभर अंतर ठेवून, रोज नाही तरी आठवड्याला उलटून ठेवायच्या. पुण्यात ऑक्टोबरचं ऊन यासाठी उत्तम. मुंबईत आणि कोकणात दमट हवेने वडीवर थेंब जमतात, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. तिथे पंखा लावावा.

कठीण पाण्याचा प्रश्न मला नेहमी विचारतात. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, साबण त्याला धरून चिकट साय होतो आणि बादलीला चिकटतो. यावर घरगुती उपाय आहे. तेलाच्या एक टक्का सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपल्या मापाला ५ ग्रॅम, आधी पाण्यात विरघळवायचं आणि त्यासाठी ३ ग्रॅम कॉस्टिक जास्त घ्यायचा. साय बरीच कमी होते.

दुकानातल्या वेष्टनावर ‘टीएफएम’ टक्के छापलेले असतात, आपल्या मानकांत अंगाच्या साबणाच्या पहिल्या दर्जाला ते किमान ७६ लागतात. हा आकडा वडीत मेदाम्लं किती ते सांगतो, ती कुठली ते सांगत नाही. निव्वळ खोबरेलाच्या साबणाचा टीएफएम उत्तम येईल आणि कातडी तरीही ताणेल. घरच्या वडीत ग्लिसरीन राहिल्यामुळे हा आकडा खाली येतो, त्याने खट्टू होऊ नका. तसंच साबणाने मुरुमं जातात, रंग उजळतो, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मिनिटभर अंगावर राहून धुऊन जाणारी वस्तू आहे ती.

घरच्यांना आणि शेजारच्या काकूंना वड्या द्यायला हरकत नाही. विकायच्या म्हटलं की प्रसाधनांच्या २०२० च्या नियमांखाली परवाना लागतो. परवान्याशिवाय प्रदर्शनात टेबल मांडणाऱ्यांना मी नेहमी अडवते, त्यांना राग आला तरी.

यंदा माझ्याकडे उंडीचं तेल आलं आहे. कोकणच्या किनाऱ्यावरचं हे झाड, पूर्वी त्याच्या बियांच्या तेलावर दिवे लागत. तेल गडद हिरवं, दाट आणि उग्र वासाचं, करंजाच्या तेलाहूनही उग्र. ऑलिव्हच्या वाट्यातलं ५० ग्रॅम कमी करून तेवढं उंडीचं घालायचं आहे, कोकम होतं तेवढंच ठेवून. उंडीचा साबणीकरणाचा आकडा वेगळा, त्यामुळे कॉस्टिकचा हिशेब नव्याने मांडला आहे. वास कितपत टिकतो ते मुरल्यावर कळेल.