विकिपीडियावर लिहायला परवानगी कोणाची लागते?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. दोन दशकं उलटून गेली, तरी त्यातले लेख कोण लिहितं असं विचारलं की बरेच जण अमेरिकेतल्या कुठल्याशा कार्यालयाकडे बोट दाखवतात. कार्यालय आहे खरं. विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था सर्व्हर चालवते, देणग्या जमवते, तांत्रिक आणि कायदेशीर बाजू सांभाळते. लेख मात्र वाचकांपैकीच कोणीतरी फावल्या वेळात, बिनपगारी लिहितं.

‘त्यासाठी विद्वान असायला हवं’ हा गैरसमज आपल्याकडे जरा जास्तच घट्ट आहे, आणि त्याला कारणही आहे. कोश म्हटलं की आपल्याला ज्ञानकोशकार केतकर आठवतात, नाहीतर विश्वकोशाचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला तो तज्ज्ञांकडून नोंदी लिहून घेऊन, तपासून, मग छापून. विकिपीडियात हा क्रम उलटा आहे: मजकूर आधी प्रसिद्ध होतो, तपासणी नंतर चालू राहते. तुमची पदवी कोणी विचारत नाही. विचारलं जातं ते एवढंच, की हे कुठून घेतलं? प्राध्यापकाला आणि अकरावीतल्या मुलीला प्रश्न एकच.

मग ‘कोणीही काहीही लिहितं’ हे खरंच की! अर्धं खरं. २००५ मध्ये जॉन सीगनथेलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कोणीतरी त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडला, आणि तो खोटा मजकूर महिनोन्‌महिने तसाच राहिला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवा लेख सुरू करायला बंदी केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने ४२ विज्ञानविषयक नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियाच्या नोंदीत सरासरी चार चुका निघाल्या, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नोंदीत तीन. ब्रिटानिकाने या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला, ते वेगळं. पण हा निकाल इंग्रजीचा आणि विज्ञानाचा. मराठीत लेखांवर नजर ठेवणारे थोडे, त्यामुळे चूक दीर्घकाळ टिकू शकते. नव्या माणसाची गरज आहे ती इथे.

नवखा संपादक पुष्कळदा स्वतःच्या गावापासून सुरुवात करतो, आणि पहिला खटका तिथेच उडतो. ‘गाव निसर्गरम्य असून ग्रामदैवत नवसाला पावणारे आहे. लोक कष्टाळू व प्रेमळ आहेत.’ थोड्याच दिवसांत यातलं निम्मं उडालेलं असतं. माझं गाव मला माहीत नाही का, हा त्याचा संताप समजण्यासारखा आहे. पण वाचकाने तुमच्या माहितीवर विश्वास का ठेवावा? तो तुम्हाला ओळखत नाही. त्याला पडताळून पाहता यावं, एवढीच अट आहे. गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय मिळते. जुन्या खुणा मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये सापडतात. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेले ते खंड आज खुले आहेत. जत्रेची बातमी वर्तमानपत्रात जिल्ह्याच्या पानावर येते. ‘नवसाला पावणारे’ याचं ‘अशी भाविकांची श्रद्धा आहे’ झालं आणि पुढे संदर्भ आला, की वाक्य टिकतं. प्रेमळ लोक मात्र जातातच.

या नियमामुळे आजीने सांगितलेली गोष्ट बाहेर राहते. आपल्याकडची कितीतरी माहिती तोंडी असताना ही तक्रार मला रास्त वाटते. वाट एकच आहे: ती गोष्ट आधी एखाद्या संपादित स्थानिक इतिहासग्रंथात किंवा नियतकालिकात नीट नोंदवली जावी, आणि मग त्याचा हवाला द्यावा.

‘खाली आभार मानले की उतरवून घेता येतं’ ही समजूत तर सर्वांत महागात पडते. श्रेय देणं वेगळं आणि प्रताधिकार वेगळा. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. केतकर १९३७ मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन आता मुक्त आहे. आजच्या वर्तमानपत्रातला परिच्छेद तसा नाही. तथ्यं घ्यावीत, वाक्यं आपली लिहावीत. गूगलवर सापडलेला किल्ल्याचा फोटो चालत नाही. स्वतः काढलेला विकिमीडिया कॉमन्सवर चढवता येतो. तुम्ही जे लिहाल तेही मुक्त परवान्याखाली जातं, म्हणजे श्रेय देऊन आणि तोच परवाना राखून ते कोणीही वापरू, बदलू, विकूसुद्धा शकतो.

इंग्रजी लेख यंत्राकडून भाषांतरित करून चिकटवणं म्हणजे योगदान नव्हे. त्यातलं मराठी दुरुस्त करायला दुसऱ्या कोणाला तेवढाच वेळ घालवावा लागतो.

बिघडेल या भीतीने मात्र थांबू नये. प्रत्येक बदलाआधीची आवृत्ती ‘इतिहास’ या कळीमागे जपलेली असते आणि परत आणता येते. हात बसेपर्यंत ‘धूळपाटी’ हे सरावाचं पान आहे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारणं, ‘संदर्भ हवा’ अशी खूण असलेल्या वाक्याला संदर्भ शोधून देणं, ही सुरुवातीची उत्तम कामं. सवय झाली की नवा लेख.

आपला बदल कोणी उलटवला तर वैर धरू नये. इतिहासात सहसा कारण लिहिलेलं असतं, नसल्यास लेखाच्या चर्चापानावर विचारावं. स्वतःवर, आपल्या कवितासंग्रहावर किंवा आपण नोकरी करतो त्या संस्थेवर लेख लिहिणं टाळावं. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते उघड करणं २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे. आपल्या संस्थेच्या लेखात चूक दिसली, तर चर्चापानावर आपलं नातं सांगून, पुरावा जोडून विनंती टाकावी. संबंध नसलेला एखादा संपादक ती तपासून बदल करू शकतो.