स्विच म्हणून ट्रान्झिस्टर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रिले, मोटर किंवा दिव्यांची माळ चालू-बंद करण्यासाठी ट्रान्झिस्टर निवडताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते : माहितीपत्रकातला आकडा वाचला जातो, पण तो ज्या अटीवर दिलेला आहे ती अट नजरेआड होते.

सर्वांत रूढ गैरसमज प्रवाह-लाभांकाविषयी आहे. बेसमध्ये सोडलेल्या प्रवाहाच्या किती पट प्रवाह कलेक्टरमधून वाहू शकतो, हे सांगणाऱ्या या गुणोत्तराने भाराच्या प्रवाहाला भागले की बेसचा प्रवाह मिळतो, असे अनेक जण धरून चालतात. वस्तुतः बीसी ५४७ या सर्वपरिचित ट्रान्झिस्टरचा लाभांक नगागणिक ११० ते ८०० यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो, शिवाय तो आकडा प्रवर्धनाच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा असतानाच्या, अवस्थेतला असतो. स्विचला हवी असते ती संपृक्त अवस्था, जिच्यात कलेक्टर आणि एमिटर यांच्यामध्ये अगदी थोडे व्होल्टेज उरते. ती खात्रीने मिळावी म्हणून बेसला भाराच्या प्रवाहाचा दहावा ते विसावा हिस्सा द्यावा लागतो. १२ व्होल्टचा, ४०० ओहम कॉइलचा रिले ३० मिलिअँपिअर घेतो. लाभांक २०० धरून ५ व्होल्टच्या पिनेवरून बेसला २७ किलोओहमचा रोध जोडला, तर बेसमध्ये जेमतेम ०.१६ मिलिअँपिअर जातो. हाती आलेला नग ११० लाभांकाचा निघाला की कॉइलमधून सुमारे १७ मिलिअँपिअरच वाहतो, तिच्यावर ७ व्होल्टच पडतात, आणि असा रिले ओढला जाण्यासाठी साधारण ९ व्होल्ट लागत असल्याने तो हलतच नाही. तोच रोध २.२ किलोओहमचा ठेवल्यास बेसला जवळजवळ २ मिलिअँपिअर मिळतो आणि नग कोणताही असला तरी रिले भरवशाने चालतो.

मॉस्फेटच्या बाबतीत हाच घोटाळा थ्रेशोल्ड व्होल्टेजभोवती होतो, आणि तो अधिक फसवा आहे. आयआरएफ ५४० च्या माहितीपत्रकात हे व्होल्टेज २ ते ४ व्होल्ट दिसते, त्यावरून ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरने तो पूर्ण उघडेल असा निष्कर्ष काढला जातो. शेजारची अट वाचली तर कळते की त्या व्होल्टेजला ड्रेनमधून फक्त ०.२५ मिलिअँपिअर वाहतो. ती उघडण्याची केवळ सुरुवात असते. ज्या अल्प रोधासाठी हा मॉस्फेट निवडला जातो, तो गेटला १० व्होल्ट दिल्यावरचा असतो. परिणामी ५ व्होल्टवर एक नग मोटर नीट चालवतो, तर दुसरा भाजेपर्यंत तापतो. आयआरएलझेड ४४एन यासारख्या लॉजिक लेव्हल मॉस्फेटचा रोध मात्र ५ व्होल्टलाही नमूद केलेला असतो, कमाल ०.०२५ ओहम, त्यामुळे २ अँपिअरला सुमारे ०.१ वॅटच उष्णता निर्माण होते. ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरसाठी तोही पुरेसा मानू नये, कारण त्याचा रोध ४ व्होल्टच्या खाली दिलेलाच नाही.

माहितीपत्रकाच्या शिरोभागी छापलेले अँपिअर बिनधास्त वापरता येतात, हाही भ्रमच आहे. टीआयपी १२० हा डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर ५ अँपिअरचा म्हणून विकला जातो. पण त्याच्या आत दोन ट्रान्झिस्टर एकामागे एक जोडलेले असल्याने पूर्ण चालू असतानाही त्यावर सुमारे १ व्होल्ट उरतो. २ अँपिअरला ही २ वॅट उष्णता झाली, आणि हीटसिंक नसताना दर वॅटमागे तापमान सुमारे ६२ अंशांनी चढत असल्याने ३५ अंशांच्या खोलीत आतला जोड १५० अंशांची मर्यादा ओलांडतो.

भाराचा प्रवाहही नीट मोजला पाहिजे. चालू मोटर अर्धा अँपिअर घेत असली, तरी सुरू होताना किंवा अडकल्यावर तिला फक्त वेटोळ्याचा रोध अडवतो. तो ४ ओहम असल्यास १२ व्होल्टला ३ अँपिअर वाहतो. शिवाय कॉइल असलेला भार बंद करताना उसळणारे उलटे व्होल्टेज बीसी ५४७ ची ४५ व्होल्टची मर्यादा सहज ओलांडते, म्हणून कॉइलला समांतर उलटा डायोड लावणे अनिवार्य आहे. रिलेसाठी १एन ४००७ पुरतो. पण वेग नियंत्रित करण्यासाठी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या मोटरला तो मंद पडतो, तेथे शॉटकी डायोडच घ्यावा.