पिकअप गाडीस रुंद चाके बसविताना

पुणे शहराच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डात येणारा भाजीपाला व फळे आता फार मोठ्या प्रमाणावर पिकअप व तत्सम लहान मालगाड्यांतून येतात. पुरंदरचे अंजीर, सीताफळ व वाटाणा दिवे घाट उतरून येतात. जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो उत्तरेकडील महामार्गाने येतो. या गाड्यांना एकाच फेरीत दोन प्रकारच्या वाटा तुडवाव्या लागतात. पहिली वाट शेतातून गावापर्यंतची, म्हणजे पावसाळ्यात चिखलाने भरलेली पाणंद. दुसरी डांबरी रस्त्याची व घाटाची. पाणंदीत गाडी रुतू नये म्हणून मूळ चाके काढून त्या जागी रुंद रिम व रुंद टायर बसविण्याकडे अनेक मालकांचा कल असतो. गाडीची उंची न वाढविता हा बदल कितपत करता येतो, त्यापासून लाभ किती व धोका कोणता, याचे विवेचन येथे केले आहे.

रुंद टायरविषयीची समजूत

बैलगाडीच्या लाकडी चाकाची लोखंडी धाव अरुंद असते. ती ओल्या जमिनीत खोल जाते व रस्ताही कापते. तीच गाडी हवेच्या रबरी टायरवर चढविली म्हणजे बैलांस ओढ हलकी होते. साखर कारखान्यांच्या परिसरात टायरगाडी रूढ झाली ती या गुणामुळेच. यावरून ‘टायर जितका रुंद तितका चांगला’ अशी समजूत झाली आहे. परंतु बैलगाडीस इंजिन नसते, वळणारा पुढील कणा नसतो, चाकावर पत्र्याचे मडगार्ड नसते, आणि ती ताशी 60 किलोमीटर वेगाने घाट उतरत नाही. म्हणून बैलगाडीचा अनुभव पिकअपला जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, टायर जमिनीवर किती जागा व्यापतो हे मुख्यतः त्यावरील भार व आतील हवेचा दाब यांवर अवलंबून असते. समजा, एका चाकावर 600 किलो भार आहे व हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 3 किलो आहे. तर टायरचा जमिनीस टेकलेला भाग साधारणपणे 200 चौरस सेंटिमीटर होईल. नक्षीची रुंदी 15 सेंटिमीटर असेल तर हा भाग सुमारे 13 सेंटिमीटर लांब राहील. रुंदी 18 सेंटिमीटर केली तर लांबी सुमारे 11 सेंटिमीटर होईल. म्हणजे दाब तोच ठेवल्यास जागा फारशी वाढत नाही, फक्त तिचा आकार बदलतो. रुंद टायरचा खरा फायदा भुसभुशीत जमिनीवर कमी दाब ठेवून चालताना मिळतो, आणि भरलेल्या मालगाडीत दाब कमी करणे हे टायर तापून फुटण्यास निमंत्रण होय. शिवाय वरचा चिखल पातळ व खालची जमीन घट्ट असेल तर अरुंद टायर चिखल कापून घट्ट थरास लागतो, रुंद टायर मात्र वरच्या वर घसरतो. पाणी साचलेल्या डांबरी रस्त्यावर वेगात असताना रुंद टायर पाण्याच्या थरावर लवकर तरंगू लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

टायरवरील अंकांचा अर्थ

टायरच्या बाजूस 195/80 आर 15 असे अंक छापलेले असतात. त्यांपैकी 195 ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. 80 याचा अर्थ, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 156 मिलिमीटर आहे. 15 हा रिमचा इंचांतील व्यास, म्हणजे 381 मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती मिळविल्या असता चाकाची एकूण उंची 693 मिलिमीटर येते.

याच्या जागी 235/75 आर 15 टायर घातला तर एकूण उंची सुमारे 733 मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ 6 टक्क्यांनी वाढते. स्पीडोमीटर 60 दाखवील तेव्हा गाडीचा खरा वेग साडेत्रेसष्टच्या आसपास असेल. मीटरवर कापलेले अंतर कमी नोंदले जाईल. किलोमीटरवर भाडे आकारणाऱ्याचे त्यात नुकसान आहे. चढावर इंजिनाची चाकापाशी मिळणारी ओढ सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटेल आणि तितक्याच प्रमाणात ब्रेकचा जोरही कमी पडेल. भरलेल्या गाडीने दिवे घाट चढताना व उतरताना हा फरक उपेक्षणीय नाही. याउलट 215/75 आर 15 या टायरची उंची सुमारे 703 मिलिमीटर, म्हणजे वाढ केवळ दीड टक्का असते. बदल करावयाचाच तर तो एकूण उंचीत फरक पडणार नाही असा असावा.

जागा कोठे कमी पडते

गाडीची उंची न वाढविता मोठे चाक बसविले म्हणजे मडगार्डाखालची जागा तीच राहते. वरील उदाहरणातील 235 चा टायर वर, पुढे व मागे प्रत्येकी सुमारे 20 मिलिमीटर आणि आत व बाहेर प्रत्येकी 20 मिलिमीटर अधिक जागा घेतो. गाडी रिकामी व उभी असताना हे सहज मावते. परंतु माल भरल्यावर पाटे दबतात, खड्ड्यात चाक आणखी वर जाते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळविले की पुढील चाकाची कडा मडगार्डास, चेसीस किंवा ब्रेकच्या नळीस लागते. मागील चाक आतल्या बाजूस पाट्यांस घासते. चिखल चिकटून टायर फुगला म्हणजे उरलेली फटही भरून जाते. घासलेली ब्रेकची नळी घाटात फुटली तर काय होईल हे सांगावयास नको.

हे टाळण्यासाठी कित्येक जण चाक बाहेर काढणारे रिम किंवा हबवर स्पेसर बसवितात. त्यायोगे आतील घासणे थांबते, पण भार हबपासून दूर जातो. बेअरिंग व स्टड यांवरील ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातास झटका देते, आणि मडगार्डाबाहेर आलेले चाक चिखल व खडे मागून येणाऱ्यावर उडविते. मालवाहू गाडीस स्पेसर लावू नयेत.

भार वाहण्याची क्षमता

टायरच्या मापानंतर येणारा अंक भाराचा असतो. 100 म्हणजे 800 किलो, 104 म्हणजे 900 किलो व 106 म्हणजे 950 किलो. मागील कण्यावर 1,800 किलो भार मंजूर असेल तर तेथील प्रत्येक टायर किमान 104 अंकाचा पाहिजे. बाजारात मिळणारे काही रुंद टायर मोटारीसाठी केलेले असतात; ते दिसण्यात भक्कम असले तरी त्यांचा हा अंक मूळ मालवाहू टायरपेक्षा कमी असू शकतो. रुंदी पाहून टायर घेणारा येथेच फसतो.

टायर रुंद केल्याने गाडीची माल वाहण्याची मर्यादा वाढत नाही. ती मर्यादा कणा, पाटे, चेसी व ब्रेक यांवरून ठरलेली असते. रुंद टायरवर विश्वासून हौद्यात दहा क्रेट अधिक चढविणे म्हणजे जोखीम आणखी वाढविणे होय.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 अन्वये, कारखान्याने मूळ ठरविलेल्या व नोंदणीपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली हेच तत्त्व स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182-अ प्रमाणे अशा प्रत्येक फेरफारास 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालवाहू गाडीस आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत बाहेर आलेली चाके अडचणीची ठरतात. अपघात झाल्यास विमा कंपनीही या मुद्द्यावर हरकत घेऊ शकते. यास्तव गाडीच्या त्याच नमुन्यासाठी कारखान्याने जी मापे दिली आहेत, त्यांतीलच मोठे माप निवडणे हा सुरक्षित मार्ग आहे. शंका असल्यास अधिकृत विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे व प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

बसविण्यापूर्वीची तपासणी

(1) दारावरील किंवा पुस्तिकेतील टायरचे माप, भाराचा अंक व हवेचा दाब लिहून घ्यावा. नवीन टायरचा भाराचा अंक त्याहून कमी नसावा.

(2) प्रत्येक टायरला रिमची किमान व कमाल रुंदी ठरलेली असते. अरुंद रिमवर रुंद टायर ठोकून बसविल्यास तो मधोमध झिजतो व वळणावर डुलतो.

(3) टायरवर आय.एस.आय. चिन्ह व बनावटीचा आठवडा पाहावा. 2324 हे चार अंक म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा.

(4) प्रथम पुढील एकच चाक बसवून पाहावे. मडगार्डाच्या आतील बाजूस ओल्या मातीचे गोळे चिकटवावेत, गाडीत नेहमीइतका माल भरावा, ते चाक मातीच्या उंचवट्यावर चढवावे व स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवावे. गोळे चेपले गेले किंवा त्यांची जाडी दोन बोटांपेक्षा कमी उरली, तर तो टायर त्या गाडीचा नव्हे. मागील चाकाचीही अशीच परीक्षा करावी.

(5) एका कण्यावर दोन वेगळ्या मापांचे टायर कधीही घालू नयेत. जादा चाकही त्याच मापाचे ठेवावे.

(6) नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत व पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

कमी खर्चाचा उपाय

गाडी रुतते याचे कारण पुष्कळदा टायरची अरुंदता नसून झिजलेली नक्षी असते. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर कायद्यानेही चालत नाही. चिखलासाठी तर तो त्याच्या कितीतरी आधी निरुपयोगी होतो. मूळ मापातच मागील चाकांस खोल नक्षीचे टायर घालणे, हवा टायर थंड असताना दर आठवड्यास तपासणे, पाणंदीच्या खोलगट जागी मुरूम टाकून पाण्यास वाट काढून देणे, आणि पावसाळ्यात माल दोन खेपांत पक्क्या रस्त्यापर्यंत आणणे, या उपायांनी बहुतेक गाड्यांचे काम भागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील पिकअपमालकांना एकत्र बोलावून ओल्या मातीच्या गोळ्यांची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी आणि टायरवरील अंक त्यांच्याकडूनच वाचून घ्यावेत. रुंद चाकावर होणारा खर्च खोल नक्षीच्या टायरवर व पाणंदीच्या मुरुमावर केल्यास तो अनेक शेतकऱ्यांच्या उपयोगी पडतो, हे त्यांस पटवून द्यावे.