पिल्लू एकटं दिसलं, म्हणून ते अनाथ नसतं

समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हिरो’ हा चित्रपट १० ऑक्टोबर २०१४ रोजी प्रदर्शित झाला. नाना पाटेकर प्रकाशभाऊ, सोनाली कुलकर्णी त्यांच्या पत्नी मंदाताई. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असाच तो आहे. बिबट्याला जवळ घेणारा माणूस मुलांच्या मनात घर करून राहतो. पण आपल्या रायगडात, पेणच्या डोंगरवाड्यांत किंवा रोह्याच्या रानालगत एखादं पिल्लू दिसलं की तोच माणूस आठवून आपण ते उचलून घरी आणतो, आणि बहुतेक वेळा तिथेच त्याचं वाईट होतं.

पहिला गैरसमज खुद्द आमट्यांबद्दलचाच आहे. त्यांनी हौस म्हणून प्राणी पाळले, असं अनेकांना वाटतं. भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तो डिसेंबर १९७३ मध्ये, माडिया गोंड आदिवासींना औषधोपचार मिळावेत म्हणून. एकदा शिकारीहून परतणारे माडिया त्यांना वाटेत भेटले. काठीला मेलेली माकडीण टांगलेली होती आणि तिचं जिवंत पिल्लू तिलाच बिलगून दूध शोधत होतं. शिकार पोटासाठी होती, पिल्लूही खाल्लं जाणार होतं. आमट्यांनी बदल्यात तांदूळ देऊन ते मागून घेतलं. त्या पिल्लाचं नाव बबली. पुढे असेच पोरके जीव येत गेले आणि प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं.

या गोष्टीत आई मेलेली होती आणि ते डोळ्यांसमोर दिसत होतं. आपल्याकडे तसं सहसा नसतं.

भेकराचं उदाहरण घ्या. भेकराची मादी पाडसाला झुडपात किंवा वाळल्या गवतात बसवून चरायला जाते. पाडसाच्या अंगावर फिकट ठिपके असतात. ते मान जमिनीला टेकून इतकं निश्चल बसतं की दोन हातांवरून माणूस गेला तरी कळत नाही. आई जवळ थांबली तर तिच्या वासाने बिबट्या किंवा कोल्हा येईल, म्हणून ती लांब राहते आणि पाजायला तेवढी परत येते. सशाचं तर त्याहून पुढे. रानसशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, आणि आई दिवसातून जेमतेम एकदोनदाच, तेही बहुधा अंधार पडल्यावर, पाजायला येते. दुपारी बांधावर दिसलेलं सशाचं पिल्लू टाकलेलं नसतं, त्याची जेवणाची वेळ व्हायची असते. आपण मात्र दया म्हणून त्याला टोपलीत घालतो आणि संध्याकाळी आई रिकाम्या जागी येते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण उचलणाऱ्याचा हेतू कधीच वाईट नसतो.

मग खरं पोरकं कसं ओळखायचं? आई शेजारी मरून पडली असेल, मुंबई-गोवा महामार्गावर गाडीखाली आली असेल, कुत्र्यांनी फाडली असेल. पिल्लू जखमी असेल, अंगाला मुंग्या-माश्या लागल्या असतील, हाताला गार लागत असेल. किंवा वानराचं तान्हं पिल्लू एकटं जमिनीवर असेल आणि आसपास कळपाची चाहूल नसेल, तर मदत हवी. नाहीतर कुत्री बांधून ठेवायची, लांबूनच नजर ठेवायची आणि वाट बघायची.

‘माणसाचा हात लागला की आई घेत नाही,’ हे तर घराघरात ऐकू येतं. ते खरं नाही. जुन्नर भागात ऊस तोडताना बिबट्याची पिल्लं सापडतात. वनखातं आणि माणिकडोह बिबट्या निवारा केंद्रातले लोक ती हाताळतात, तपासतात आणि अंधार पडता पडता सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवतात. रात्री मादी येते, खोकं उलटवते आणि मानेला धरून पिल्लू उचलून नेते. कॅमेऱ्यांत हे पुन्हा पुन्हा टिपलं गेलं आहे. रायगडातही बिबट्या आहेच, म्हणून हे माहीत असावं.

पिल्लाला गाईचं दूध पाजावं, हाही गैरसमजच. प्रत्येक प्राण्याच्या दुधात स्निग्धांश आणि साखर वेगळी असते. गाईच्या दुधाने सशा-वानरांच्या पिल्लांना जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाचं पाणी बघता बघता कमी होतं. त्यात पिल्लाला उताणं धरून पिचकारीने दूध तोंडात सोडलं की ते फुप्फुसात जातं. गारठलेल्या पिल्लाला दूध पचतही नाही. पुठ्ठ्याचं भोकं पाडलेलं खोकं, आत सुती फडकं, ऊब आणि अंधार, एवढंच आपण करावं.

‘मोठं झालं की सोडून देऊ’ हा सगळ्यात गोड गैरसमज. केनियात १९५६ मध्ये जॉय आणि जॉर्ज अ‍ॅडमसन यांनी सिंहिणीची तीन पोरकी पिल्लं आणली. दोघी रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात गेल्या. तिसरी एल्सा; तिला शिकार करून जगता यावं म्हणून दोघांनी महिनोन् महिने रानात तळ ठोकला. ती जगलीही, पण १९६१ मध्ये गोचिडांतून होणाऱ्या रोगाने गेली. तिच्यावरचा ‘बॉर्न फ्री’ हा चित्रपट १९६६ चा. आयुष्य रानात घालवलेल्या माणसांना हे इतकं जड गेलं. ओटीवर भाकरी खाऊन वाढलेलं वानर तर मोठेपणी माणसाला भीतच नाही, लोकांना चावतं आणि शेवटी पिंजऱ्यात जातं. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात जा. रेबीज फक्त कुत्र्यांमुळे होत नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. पिंजऱ्यातला पोपटही यातून सुटत नाही.

वनखात्याची मदतवाहिनी १९२६. पेण किंवा रोह्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातही कळवता येतं. पिल्लू आधीच उचललं गेलं असेल तर ते कोणत्या बांधावर, कोणत्या झाडाखाली होतं हे वनरक्षकाला प्रत्यक्ष नेऊन दाखवा. आई पिल्लाला त्याच जागी शोधायला येते.