लीअर, एडवर्ड

(१२ मे १८१२–२९ जानेवारी १८८८). इंग्रज निसर्गचित्रकार, प्रवासलेखक आणि विनोदी कवी. सर्वसामान्य वाचकांस तो मुख्यत्वे बालवाचकांसाठी रचलेल्या विसंगतिपूर्ण पद्यांचा कर्ता म्हणून परिचित आहे. तथापि त्याचा चरितार्थ चालला तो प्रवासात केलेल्या स्थळरेखाटनांवर व चित्रकलेच्या शिकवण्यांवर. आपल्या प्रवासग्रंथांच्या शीर्षकांतही त्याने स्वतःचा उल्लेख निसर्गचित्रकार असाच केला आहे. इटली, ग्रीस, अल्बेनिया, ईजिप्त, पॅलेस्टाइन, कॉर्सिका व अखेरीस भारत आणि श्रीलंका एवढ्या विस्तृत प्रदेशात त्याने जवळजवळ चार दशके भ्रमंती केली.

लंडनच्या उत्तरेस असलेल्या हॉलोवे येथे एका रोखे-दलालाच्या मोठ्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडिलांवर आर्थिक संकट कोसळल्यामुळे बालपणीच त्याच्या संगोपनाचा भार त्याची थोरली बहीण ॲन हिच्यावर पडला. चित्रकलेचे प्राथमिक धडे त्याला घरी बहिणींकडूनच मिळाले. पद्धतशीर शिक्षण मात्र लाभले नाही. लहानपणीच त्याला अपस्माराचा विकार जडला. दमा, क्षीण दृष्टी आणि वारंवार येणारी खिन्नता यांनीही त्याला आयुष्यभर पछाडले. त्या काळी अपस्मार हा लांच्छनास्पद समजला जात असल्याने त्याने तो अखेरपर्यंत गुप्त ठेवला. रोजनिशीत केवळ फुलीच्या खुणेने तो झटक्यांची नोंद करी. त्याच्या एकाकी व अस्थिर जीवनक्रमामागे या गुप्ततेचा वाटा मोठा होता.

वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासूनच तो चित्रे काढून उपजीविका करू लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पोपटांवरील त्याचा शिलामुद्रित चित्रांचा ग्रंथ १८३०–३२ या काळात भागशः प्रसिद्ध झाला. त्यात ४२ चित्रे असून त्याच्या केवळ १७५ प्रती काढण्यात आल्या. पेंढा भरलेल्या नमुन्यांऐवजी जिवंत पक्ष्यांवरून चित्रे काढण्याचा त्याचा आग्रह होता. रक्षक पक्षी धरून ठेवी आणि लीअर त्याची मापे घेऊन रेखाटन करी. परिणामी या चित्रांत शास्त्रीय अचूकतेबरोबरच प्रत्येक पक्ष्याची ढब व स्वभावही उतरला आहे. पुढे १८५६ मध्ये निळ्या मकावाच्या एका जातीला त्याचे नाव देण्यात आले. या ग्रंथामुळे लिव्हरपूलजवळील नोझली येथील डर्बीच्या अर्लच्या खाजगी प्राणिसंग्रहाची चित्रे काढण्याचे काम त्याला मिळाले. तेथील मुलांच्या करमणुकीसाठी त्याने रचलेली सचित्र पद्ये अ बुक ऑफ नॉन्सेन्स (१८४६) या नावाने टोपणनावाखाली प्रसिद्ध झाली. मात्र पिसांचे बारीक काम डोळ्यांना झेपेनासे झाले व इंग्लंडची थंड हवाही मानवेना, म्हणून त्याने निसर्गचित्रणाकडे वळण्याचे ठरविले. अर्लच्या साहाय्याने १८३७ मध्ये तो रोमला गेला.

रोममध्ये त्याने सुमारे दहा वर्षे काढली. हिवाळ्यात तेथे येणाऱ्या सुखवस्तू इंग्रज प्रवाशांना चित्रकलेच्या शिकवण्या देणे व त्यांना चित्रे विकणे, आणि हवा उघडली की वह्या घेऊन पायी अथवा घोड्यावरून भटकणे, असा त्याचा वर्षक्रम ठरून गेला. मुक्काम बदलले, तरी हा क्रम स्थूलमानाने पुढेही टिकला. त्याच्या काळी जलरंगातील निसर्गचित्रण हे उच्चवर्गीय इंग्रज स्त्रीपुरुषांच्या शिक्षणाचे एक अंग मानले जाई. त्यामुळे चित्रकाराला शिकवणी हा विक्रीपेक्षा अधिक भरवशाचा आधार होता. इटलीतील भटकंतीवरील त्याच्या इलस्ट्रेटेड एक्स्कर्शन्स इन इटली (२ खंड, १८४६) या ग्रंथाचा पहिला खंड व्हिक्टोरिया राणीच्या पाहण्यात आला व तिने त्याला शिकवणीसाठी बोलावून घेतले. १८४६ च्या उन्हाळ्यात ऑस्बर्न हाउस व बकिंगहॅम राजवाडा येथे त्याने राणीला बारा धडे दिले. शिक्षकाने समोर बसून चित्र काढावयाचे आणि शिष्याने त्याची नक्कल करीत हात तयार करावयाचा, अशी ही पद्धत होती. लीअर उत्तम शिकवितो, अशी नोंद राणीने आपल्या रोजनिशीत केली आहे.

लीअरची रेखाटनपद्धती वैशिष्ट्यपूर्ण होती. जागेवर तो केवळ पेन्सिलीने भराभर रेखाटन करी. डोंगरांच्या कडा, पठारांचे उतार, झाडांचे पुंजके एवढेच त्यात असे. रंग भरण्यास सवड नसल्याने चित्राच्या त्या त्या भागावर तो शब्दांत टिपणे लिहून ठेवी. कोठे जांभळट छाया आहे, कोठे खडक, कोठे ऑलिव्हची झाडे, कोठे शेळ्या, हे सर्व इंग्रजीत व क्वचित ग्रीकमध्ये, बहुधा मुद्दाम विनोदी वर्णलेखन करून तो टिपत असे. कोपऱ्यात स्थळ, दिनांक, वेळ व अनुक्रमांक घातला जाई. पुढे सवडीने, बहुधा हिवाळ्यात, या रेषा तो तपकिरी शाईने पक्क्या करी व त्यांवर पातळ जलरंगांचे हात देई. अशा चित्रांत मोकळा कागद भरपूर राहतो, टिपणे रंगाखालून दिसतात, आणि दूरवर पसरलेल्या प्रदेशाचा विस्तार व त्यावरील विशिष्ट प्रहराचा प्रकाश थोडक्या साधनांनी प्रत्ययास येतो.

हे काम सुखाचे नव्हते. १८४८ मध्ये त्याने अल्बेनियाचा दुर्गम मुलूख पालथा घातला, तेव्हा चित्र काढणे हे सैतानी कृत्य समजून लोक त्याच्याभोवती ओरडत जमत. काही ठिकाणी त्याच्यावर दगडही पडले. १८५८ मध्ये पेट्रा येथील खडकांत कोरलेले प्राचीन अवशेष रेखाटण्यास तो गेला असता स्थानिक टोळ्यांनी त्याला घेरून लुबाडले व दुसऱ्याच दिवशी त्याला तेथून निघावे लागले. या प्रवासात जॉर्जिओ कोकाली हा त्याचा सेवक सोबत होता. १८५६ मध्ये कॉर्फू बेटावर तो लीअरकडे कामास लागला व १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्यापाशीच राहिला. पेट्राचे रंगीबेरंगी खडक पाहून, येथे सर्व काही चॉकलेट, डुकराचे मांस, मसाल्याची पूड व सामन मासा यांचेच बनलेले दिसते, असे तो म्हणाल्याचे लीअरने लिहून ठेवले आहे. अल्बेनिया (१८५१), दक्षिण कॅलेब्रिया (१८५२) व कॉर्सिका (१८७०) या प्रवासांवरील लीअरचे ग्रंथ निरीक्षणाची सूक्ष्मता व निर्विष विनोद यांमुळे वाचनीय ठरले आहेत.

असे असूनही ही रेखाटने म्हणजे केवळ कच्चा माल असून मोठ्या आकाराचे तैलचित्र हेच चित्रकाराचे खरे कार्य होय, अशी लीअरची धारणा होती. मानवाकृती आपणास नीट साधत नाही, ही खंत त्याला सतत वाटे. म्हणून १८५० मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने रॉयल अकॅडमीच्या विद्यालयात विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला. राणीला धडे देऊन त्यास चार वर्षेच झाली होती. तेथे तो फार काळ राहिला नाही. १८५२ मध्ये त्याने विल्यम होलमन हंट याच्याकडून तैलरंगाचे तंत्र शिकून घेतले. हंट त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान होता, तरी लीअर त्याला गंमतीने वडिलांच्या नात्याने संबोधित असे. हंटच्या शिकवणुकीप्रमाणे प्रत्यक्ष दृश्यासमोर बसून तैलचित्र पूर्ण करणे त्याच्या फिरत्या जीवनाला मानवणारे नव्हते. त्याच्या तैलचित्रांना ग्राहक मिळाले, परंतु नियमित नव्हे. १८६२ च्या सुमारास पैशांची निकड भासल्याने त्याने जुन्या रेखाटनांवरून एकाच वेळी साठ जलरंगचित्रे तयार करण्यास घेतली. सर्व कागदांवर आधी रेषा, मग एक रंग, नंतर दुसरा, असे हे काम चाले. या चित्रांना त्यानेच ‘जुलमी’ असे नाव दिले होते.

तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक याच्या निमंत्रणावरून वयाच्या एकसष्टाव्या वर्षी लीअर भारतात आला. २२ नोव्हेंबर १८७३ रोजी तो मुंबईस उतरला. येथील वृक्षराजी व माणसांच्या पोशाखांतील वैविध्य पाहून तो हरखून गेला. लखनौ, वाराणसी, कलकत्ता, दार्जिलिंग, आग्रा, दिल्ली, हरद्वार, सिमला असा उत्तर भारताचा प्रवास करून १८७४ चा पावसाळा त्याने पुण्यात घालविला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात ‘द कमरबंड’ ही त्याची कविता छापून आली. कमरबंद, धोबी, पंखा यांसारखे अँग्लो-इंडियन बोलीत रुळलेले शब्द भलत्याच अर्थाने योजून तीत गंमत साधली आहे. त्यानंतर हैदराबाद, बंगलोर, मद्रास, उटकमंड व श्रीलंका येथे तो गेला. श्रीलंकेत जॉर्जिओ आमांशाने अंथरुणास खिळला आणि पुढे मलबारात लीअरच्या पाठीला इजा झाली. त्यामुळे प्रवास आटोपता घेऊन १२ जानेवारी १८७५ रोजी त्याने मुंबई सोडली. ताजमहाल पाहिलेले व न पाहिलेले असे जगातील माणसांचे दोन वर्ग करावेत, असे त्याने रोजनिशीत लिहिले होते. मात्र त्याच्या भारतीय तैलचित्रांत सर्वांत महत्त्वाची ठरली ती दार्जिलिंगहून दिसणाऱ्या कांचनगंगेची चित्रे. ही भारतातील रोजनिशी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली.

उत्तरायुष्यात तो इटलीतील सान रेमो येथे स्थायिक झाला. तेथील शेजारी ह्यूबर्ट काँग्रीव्ह याला त्याने मुलगा असल्यापासून चित्रकला शिकविली. काँग्रीव्हने पुढे लिहिलेल्या आठवणींत गुरूच्या कार्यपद्धतीचे वर्णन आहे. लीअर सावकाश चालत जाई व साहित्य घेऊन जॉर्जिओ मागून येई. मनाजोगी जागा सापडली, की लीअर खाली बसे, चष्मा वर सरकवी आणि एका डोळ्याच्या दुर्बिणीतून कित्येक मिनिटे समोरचे दृश्य न्याहाळीत राही. मग दुर्बीण खाली ठेवून विलक्षण वेगाने व अचूकतेने तो सारे दृश्य कागदावर उतरवी. रेषा ओढण्यापूर्वीचे हे दीर्घ पाहणे, हाच त्याच्या अध्यापनाचा गाभा म्हणता येईल. टेनिसनच्या काव्यपंक्तींवर आधारित दोनशे निसर्गचित्रांची त्याची अनेक वर्षांची योजना अपूर्ण राहिली. सान रेमो येथेच त्याचे निधन झाले.

लीअरची रेखाटने त्याच्या हयातीत बव्हंशी कपाटांतच राहिली. मृत्यूनंतर ती त्याचा मित्र फ्रँक्लिन लशिंग्टन याच्याकडे गेली व १९२९ मध्ये त्यांची विक्री झाल्यावर कलारसिकांचे लक्ष त्यांकडे वेधले. अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात त्यांपैकी सुमारे साडेतीन हजार रेखाटने संगृहीत असून बहुतेक भारतीय चित्रे तेथेच आहेत. लंडनच्या रॉयल अकॅडमीने १९८५ मध्ये त्याच्या कलाकृतींचे मोठे प्रदर्शन भरविले. त्याने ज्यांच्यावर भरवसा ठेवला, ती तैलचित्रे आज तुलनेने मागे पडली आहेत. घाईने काढलेली, टिपणांनी भरलेली रेखाटनेच त्याची श्रेष्ठ निर्मिती मानली जातात.