पाठीवरचा ट्रान्समीटर

मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशकाचं लांबलचक नाव कापूसपट्ट्यात फारसं कुणी घेत नाही. ‘मोनो’ म्हटलं की दुकानदाराला कळतं. पण या मोनोचा पक्ष्यांवरचा सगळ्यात गाजलेला घाला पडला तो तिकडे अर्जेंटिनात.

स्वेन्सनचा बाज उत्तर अमेरिकेत घरटी करतो आणि थंडीआधी सुमारे 10 हजार किलोमीटर उडून अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांत उतरतो. तिथे त्याचं मुख्य खाणं म्हणजे नाकतोडे. तिथल्या भाषेत त्याच्या नावातच टोळ आहे. ब्रायन वुडब्रिज या अमेरिकी संशोधकाने काही बाजांच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारे ट्रान्समीटर बसवले आणि 1995 मध्ये त्यांचा माग काढत तो ला पाम्पा प्रांतात पोहोचला. शेतांत मेलेल्या बाजांचा सडा पडला होता. नाकतोडे मारायला शेतकऱ्यांनी मोनो फवारलं होतं. पाखरं जेवायला तिथेच उतरली. पुढच्या हंगामात मृतांचा आकडा हजारांत गेला.

हे विष मारतं कसं? नस स्नायूला ॲसिटिलकोलिन या रसायनातून निरोप धाडते. निरोप पोहोचला की एक विकर ते रसायन मोडून टाकतं. मोनो त्या विकरालाच जखडतं, मग निरोप थांबतच नाहीत. फवारलेला चारा खाल्लेल्या बैलाच्या तोंडाला लाळेची धार लागते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग थरथरतं, श्वास कोंडतो. ॲट्रोपिन वेळेत टोचलं तर लाळ आटते, श्वास मोकळा होतो. थरथर मात्र त्याने थांबत नाही. पुढचा उपाय विष कोणतं त्यावर ठरतो, म्हणून गुरांच्या डॉक्टरला आधी फवारलेल्या औषधाची बाटली दाखवावी, लक्षणं मागाहून सांगावीत.

बाजांचा बोभाटा झाल्यावर अर्जेंटिनाने 1999 पर्यंत मोनोवर पूर्ण बंदी घातली. आपण 2005 मध्ये ते फक्त भाजीपाल्यावर बंद केलं. 2013 मध्ये बिहारमध्ये शाळेच्या जेवणातून ते 23 मुलांच्या पोटात गेलं आणि ती दगावली. तरी देशभर बंदी यायला 2023 उजाडलं.

आपला कीटकनाशक कायदा 1968 चा. माणसांबरोबर जनावरांनाही धोका होऊ नये, हा हेतू त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याची सक्ती राज्य सरकार करू शकतं, असं कलम 26 सांगतं. ‘करू शकतं’, बरं का, ‘करील’ नव्हे. शिवाय बांधावर मरून पडलेल्या चिमणीच्या पाठीवर ट्रान्समीटर नसतो.